सेमाडोहचा पदरी गोटा

अमरावती
११ जानेवारी १९५९

चि. मनकर्णास देवादादाचा जयभीम. काकीलाही सांग, आणि म्हणावं तुझा देवा अजून वाळलेला नाही.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावशील. रागाव खुशाल, पण आधी पुढचं वाच. माझ्या खोलीशेजारी नबी राहतो, सेमाडोहहून लाकडाची लारी आणतो, हे तुला मागं लिहिलं होतं. दिवाळीनंतरच्या एका खेपेत त्याची लारी नाल्यात रुतली. चाकाखाली घालायला त्यानं काठचे गोटे उपसले, तर त्यातला एक चाकाखाली दबून पानापानांनी उलगडला. तो त्यानं मला आणून दिला. म्हणाला, "देवरावभौ, हा गोटा नाही, कांदा हाय. सोलत जा, सोलत जा, सरतच नाही."

रंग फिकट हिरवा, वर शिंपल्याच्या पोटासारखी चमक. नखानं पापुद्रा निघतो, कागदाहून पातळ. तू म्हणशील अभ्रक असेल. अभ्रक मी ओळखतो. अभ्रकाला पाण्याचं सोयरसुतक नसतं. हा मात्र पाण्यात टाकला की तासाभरात पेटीच्या भात्यासारखा फुगतो आणि पदर सुटे होतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत चांदीचं एक औषध आहे. त्याचा थेंब खाऱ्या पाण्यात टाकला की पाणी दुधाळ होतं. दसऱ्याला मी कापसखेडहून आपल्या बौद्धपुऱ्याच्या विहिरीचं पाणी बाटलीत आणलं होतं, ते एका थेंबात ताकासारखं झालं. तेच पाणी सहा तास या गोट्यावर ठेवलं, मग थेंब टाकला. मनू, पाणी नितळ राहिलं. मीठ गोट्यानं आपल्या पदरांत ओढून घेतलं. आमच्या प्रोफेसरसाहेबांनी स्वतः पाहिलं आणि म्हणाले, हे खनिज पुस्तकात नाही.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. चार शेर गोटा नबीबरोबर पाठवतो आहे. अकोल्याला जुन्या शहरात नियाज पत्रेवाल्याच्या दुकानी ठेवेल, बाजाराच्या दिवशी घेऊन जा. एका घागरीला चार शेर, सहा तास. चाखून मग लिही.

तुझा
देवादादा


कापसखेड
२७ जानेवारी १९५९

प्रिय देवादादा, जयभीम.

गोटा मिळाला. नियाजभाईनं तो जुन्या लुगड्यात असा जपून बांधला होता की गाडीतल्या बायकांना वाटलं मी शहरातून बाळ घेऊन चालले.

तू असिस्टंट झाल्यापासून तुझी पत्रं छापील पुस्तकासारखी येतात, म्हणून मी अर्धंच खरं मानलं होतं. माठाच्या बुडाला भोक पाडून चिंधीचं बूच लावलं, आत गोटा भरला, वर आपल्या विहिरीचं पाणी ओतलं. सहा तासांनी पहिला पेला मायच्या, तुझ्या काकीच्या, हातात दिला. ती प्यायली आणि माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "याले तं चवच नाही वं. पाणी हाय का काय हाय?" जन्मभर खारंच जास्त प्यालेल्या बाईला गोडं पाणी फिकं लागणारच. मी हसले, मग हसता हसता रडले. उगाच नाही कशाला म्हणू?

मग आम्ही त्यात तुरीची डाळ लावली. आपल्याकडे डाळ दोन तास शिजवली तरी दाताखाली खडा लागतो, ठाऊकच आहे. ही अर्ध्या तासात विरघळली. मायनं तीनदा झाकण काढून पाहिलं, तिला वाटलं मी डाळ टाकायचीच विसरले.

दादा, आता दोन गोष्टी. एक, आणखी गोटा हवा, चांगला पोतंभर. दुसरी, तुझ्या साहेबांच्या सहीचा कागद हवा. माझ्या तोंडानं सांगितलं तर गावात म्हणतील मास्तरीणबाई जादूटोणा करतात.

तुझी
मनकर्णा


अमरावती
९ फेब्रुवारी १९५९

चि. मनकर्णास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

दोन पोती पाठवली आहेत. नबी म्हणतो नाल्याच्या त्या वळणावर असा गोटा डोंगरभर आहे, खोदायलाही नको, पहारीनं उचकला की झालं.

तुझ्या पत्रानं मला झोप नाही. या खनिजाचे उपयोग मोजायला बसलो तर वही पुरत नाही. वलगावकडच्या बागांत संत्र्याच्या रोपांच्या मुळाशी पेरला तर ओल धरून ठेवेल. पातळ पापुद्रा आचेला तडकत नाही, कंदिलाला काचेऐवजी लावता येईल. नबीनं एक लावला आहे, महिना झाला, कंदील दोनदा पडला तरी शाबूत. त्याची बायको आयशाबी तव्याखाली ठेवते, म्हणते भाकर करपत नाही. नाव तू काही सुचवलं नाहीस, तेव्हा मीच ठेवलं: पदरी. वऱ्हाडातला गोटा, वऱ्हाडातलं नाव, आणि उद्या जगाच्या पुस्तकात हेच नाव जाईल बघ.

कागदाचं म्हणशील तर साहेब सध्या परीक्षांच्या कामात आहेत. सवड झाली की विचारतो. घाई करू नये, मोठ्या माणसांचं तसंच असतं.

तुझा
देवादादा


कापसखेड
१७ मार्च १९५९

प्रिय दादा,

पदरी हे नाव पुऱ्यात कोणीच घेत नाही. सगळे 'देवाचा गोटा' म्हणतात, आणि तो देव म्हणजे तू. फुगू नकोस, तुझे पदर सुटे होतील.

शेजारच्या माणिकबाईच्या अंगणात बारा माठ मांडले आहेत. तेवीस घरांना प्यायला पुरतं. आता जे लिहिते ते नीट वाच.

महादेवराव पाटलांच्या मळ्यातली गोडी विहीर तुला माहीत आहे. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाल्यापासून पाटील आम्हाला 'नाही' म्हणत नाहीत. पाणी देतात. फक्त त्यांचा गडी वरून ओततो आणि आपण खाली घागर धरायची. आधी गावाची पाळी, मग आपली. गेल्या आठवड्यात आपली मैना, सातवा महिना लागलेला, दोन तास उन्हात उभी होती. गड्यानं ओतलं ते अर्धं घागरीत, अर्धं तिच्या पायावर. ती ओल्या पायांनी घागर उचलून चालू लागली. मला मात्र राहवलं नाही.

शाळेच्या पटांगणात ग्रामपंचायतीची सभा होती. मी उठले आणि म्हणाले, "आता आमच्या पुऱ्यातलं कोणी मळ्यात पाण्याला येणार नाही. आणि वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, सारं गाव आमच्याकडे पाण्याला या. आमच्या विहिरीचं पाणी. अमरावतीचे प्रोफेसर यायचे आहेत, पहिला पेला ते घेतील."

सगळ्या माना पाटलांकडे वळल्या. पाटील तेवढे हसले. म्हणाले, "प्रोफेसर पेला घेत असन तं आमी बी घेऊ, बाई. मले काय हरकत?"

दादा, त्यांनी ते सगळ्यांसमोर म्हटलं आहे. पौर्णिमा बावीस मेला आहे. आजवर या गावानं आपल्या हातचं पाणी प्यायलेलं नाही, आणि एकदा प्यायलं की पुन्हा घागर खाली धरायला लावणं त्यांना जड जाईल. साहेबांना गळ घाल. गाडी मी अकोल्याला स्टेशनवर पाठवते.

तुझी
मनकर्णा


अमरावती
२५ मार्च १९५९

चि. मनकर्णास,

पत्र मिळालं. मला विचारल्याशिवाय साहेबांचं नाव सभेत घ्यायला नको होतंस. उन्हाळ्यात ते थंड हवेच्या ठिकाणी जातात. येतीलच असं नाही. न आले तर काही सबब सांगता येईल अशी तयारी ठेव. पाण्याचं चालू ठेव, ते काही खोटं नाही.

कामात आहे म्हणून थोडक्यात लिहितो. काकीला जपावं.

देवराव


कापसखेड
११ एप्रिल १९५९

दादा, कार्ड टाकते आहे, अंतर्देशीय आणायला वेळ नाही. पाणी बिघडलं. आधी मला वाटलं जिभेचा भास, पण काल डाळ शिजली नाही. आज तर माठातलं पाणी विहिरीपेक्षा खारं आहे. बाराही माठ तसेच. मैनाला प्यायल्यावर मळमळलं. आपल्यातला शेषराव म्हणून गेला, "गोट्याचा गुण सरला." पुऱ्यातल्या दोघी काल अंधार पडायच्या आत मळ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना काय म्हणू? एकेचाळीस दिवस उरले. साहेबांना विचार आणि ताबडतोब कळव. मनकर्णा


अमरावती
१५ एप्रिल १९५९

मनू,

हे पत्र काकीला वाचून दाखवू नकोस असं लिहिणार होतो. आता म्हणतो, दाखव.

मी असिस्टंट नाही. आठ वर्षं झाली, मी त्या प्रयोगशाळेत बाटल्या आणि नळ्या धुतो. मॅट्रिकला गणितात गेलो, ते घरी सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही सगळ्यांनी मला काय समजून अमरावतीला पाठवलं होतं ते आठवायचं आणि लेखणी आपोआप मोठं मोठं लिहायची. साहेबांना गोटा दाखवला हे खरं आहे. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "देवराव, दगड टेबलावर कशाला, चरे पडतील." एवढंच. पुस्तकात नाही हे वाक्य माझं. साहेबांच्या परीक्षा, थंड हवा, सगळं माझं.

पण चांदीचं औषध मी टाकलं, बाटलीच्या तळाला उरलेलं, आणि पाणी नितळ राहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. एकदा नाही, तीस वेळा. त्यात तसूभर खोटं नाही. तूही चाखलं आहेस.

म्हणून बाटल्या धुणारा म्हणूनच एक विचारतो. नळीतलं औषध बिघडलं की साहेब लोक औषधाला दोष देतात. आठ वर्षांत मी पाहिलं, दहातल्या सात वेळा दोष धुण्यात असतो. तुम्ही गोटा धुता कसा? कशानं, किती वेळा, आणि वाळवता कुठं? काही गाळू नकोस. काकीचा हात जसा चालतो तसं लिही.

मला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही लिही. पण धुण्याचं आधी लिही.

देवा


कापसखेड
२० एप्रिल १९५९

देवादादा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू बाटल्या धुतोस याचा मला राग नाही. माय आजही लोकांच्या वावरात निंदायला जाते आणि ते मी शाळेत कोणापासून लपवत नाही. तिनं वाढवलेल्या पोराला आमच्यापासून लपवावंसं वाटलं, याचा राग आहे. आणि त्या लाजेपोटी मारलेल्या थापांवर विश्वासून मी साऱ्या गावाला बोलावून बसले, त्याचाही.

मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "धुते तं धुते. हात तं सोताचे हायेत ना?" आणि भाकरी थापायला लागली. मग तव्याकडे पाहत म्हणाली, "वाळला असन पोरगा. जीव कोंडून जगत होता आठ वर्षं." माझा राग तिथंच अर्धा झाला. उरलेला तू भेटलास की देईन.

आता धुणं. सुरुवातीला मी गोटा साध्या पाण्यात खळबळून घराच्या धाब्यावर फेकायची, वाळला की पुन्हा माठात. पण गावाच्या बोलावण्याची चर्चा वाढली तशी या महिन्याच्या सुरुवातीपासून मायनं सगळं आपल्या ताब्यात घेतलं. "ते लोक येतीन. यायच्या घरचं पाणी मळकं हाय असं कोणाच्या तोंडून निघालं तं मी जित्ती नाही राहत." चुलीतली राख चाळून घेते, काथ्यानं घासते, पापुद्रा न् पापुद्रा. रोज तीनदा. माणिकबाईच्या अंगणात सगळ्या बायका तिच्या हाताखाली घासायला. मग धूळ बसू नये म्हणून घरात, धुतल्या फडक्याखाली, सावलीत वाळवतात. आमच्या पुऱ्यातलं एकही भांडं असं लखलखत नसेल. तुझ्या कॉलेजातलंही नसेल.

चुकलं कुठं ते सांग.

मनकर्णा


अमरावती
२९ एप्रिल १९५९

मनू,

सापडलं. काकी रागावेल, पण सापडलं.

एका काचेच्या वाटीत गोटा फुगवून ठेवला आणि वरून राखेचं गाळलेलं पाणी सोडलं. माझ्या डोळ्यांदेखत भाता मिटला. पदर एकमेकांना असे चिकटले की पुस्तक भिजून वाळल्यावर पानं चिकटतात तसे, आणि आत धरलेलं सगळं मीठ बाहेर पाण्यात. म्हणून तुमचं पाणी विहिरीपेक्षा खारं झालं. तो गोटा मग मी तीन दिवस साध्या पाण्यात ठेवला. उघडला नाही. राख लागलेला गोटा गेला, तो आता तव्याखालीच ठेवा.

आणि दुसरं. मी इथं गोटा बाटल्यांबरोबरच खळबळायचो आणि बाटल्यांबरोबरच टिनाच्या छपरावर ठेवायचो. उन्हात मीठ पदरांतून बाहेर येऊन कडेला पांढरी किनार धरायची. ती मी कुंच्यानं झाडून टाकायचो, घाण म्हणून. मनू, उन्हानंच तो गोटा रोज नवा होत होता आणि मला वाटत होतं तो कधी भरतच नाही! तुम्ही आधी धाब्यावर फेकत होता तोवर तुमचाही चालला. सावलीत मीठ बाहेर येत नाही. आपल्या वऱ्हाडाच्या उन्हाला सगळे शिव्या देतात. घ्या, आता त्याला कामाला लावा.

नवा गोटा, चार पोती, नबी आणून देतो आहे. वणव्याचे दिवस, जंगलखात्याच्या नाक्यावर अडवतात, तर त्यानं पोती लाकडांवर उघडी मांडून आणली. नाकेदार म्हणाला यात काय आहे, हा म्हणाला, "गोटा हाय साहेब. खाऊन पाहा." नियाजभाईला पसरट पत्र्याची ताटं करायला सांगितलं आहे, धाब्यावर ठेवायला.

राख नाही, काथ्या नाही. साधं पाणी, भर ऊन, आणि कुंचा. काकीला तूच सांग, माझी छाती होत नाही.

देवा


कापसखेड
८ मे १९५९

प्रिय दादा,

पाटलाला भर सभेत बोलणं सोपं होतं. मायला हे सांगायला मला दोन दिवस लागले.

सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे पाणी म्याच खारं केलं?" मी हो म्हटलं. खोटं बोलून काय करू? ती राखेचं टोपलं पुढ्यात घेऊन बसून राहिली. मग म्हणाली, "घासलं नाही तं लोक काय म्हणतीन वं? त्यायले निमित्तच पायजे." दादा, या बाईनं जन्मभर त्या निमित्ताच्या आधी उठून अंगण झाडलं आहे. शेवटी मी म्हणाले, "माय, तुह्या हातानं नाही, उन्हानं घासलं जाईल. तू फक्त उन्हाकडून काम करून घे."

ते तिला पटलं. आता ती धाब्यावर मुकादम झाली आहे. सकाळी ताटं पसरते, दर तासाला गोटा पालथा करते, वर आलेली पांढरी किनार कुंच्यानं झाडते आणि पायरीवर उभ्या बायकांना ओरडते, "सावली पडून राहिली तिथं, सरका!" राखेचा हात लागू नये म्हणून भाकरी करून आल्यावर हात तीनदा धुते.

पाणी गोड आहे. आज चौथाच दिवस आहे, पण चव सुईच्या टोकाइतकीही ढळलेली नाही. मैना पिते, डाळ शिजते. मळ्यात जाणाऱ्या त्या दोघी आपण होऊन परत आल्या.

प्रोफेसर येणार नाहीत हे मी पंचायतीत जाऊन सांगितलं. पाटील म्हणाले, "मंग आमचं बी काही येणं होत नाही, बाई." मी म्हटलं, येईल तो येईल. दादा, पहिला पेला तू घ्यायचा. आणि तू कोण आहेस ते तूच तुझ्या तोंडानं सांगायचं. कोणाची सबब चालणार नाही.

तुझी
मनकर्णा


अमरावती
२४ मे १९५९

प्रिय मनू,

काल सकाळी नबीनं मला खोलीवर सोडलं आणि मी सरळ कामावर गेलो. बाटल्या धुतल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा शीळ घालत धुतल्या.

चारशे डोळ्यांपुढं उभं राहून 'मी बाटल्या धुणारा' म्हणताना माझा आवाज पहिल्या रांगेपुढं गेला नाही, तुला कळलं असेल. पण शब्द तोंडातून निघाला आणि काकी पुढून मोठ्यानं म्हणाली, "जोरानं बोल, मागच्यायले आयकू येत नाही." मग भीतीच उरली नाही. राख आणि ऊन, सगळं सांगितलं. पहिला पेला मी घेतला, मग पुऱ्यानं पाणी प्यायलं, नबी दोन पेले प्यायला आणि वर ढेकर दिला.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. गावातून अकरा जण आले. बसले, पान घेतलं, सुपारी घेतली. पाणी कोणी घेतलं नाही. अकरा पेले भरून ठेवले होते ते तसेच राहिले, आणि काकीनं ते उचलून विहिरीवरच्या लिंबाला घातले. मी साहेबांना पाया पडून आणलं असतं तर पाटलांना शब्द पाळावा लागला असता. माझ्या खोटेपणानं तुझा दिवस गेला. हे मला लिहायचं होतं.

तुझा
देवा


कापसखेड
२९ मे १९५९

प्रिय देवादादा,

तुझं रडगाणं पुरे. तू गेलास त्यानंतरचं ऐक.

त्या अकरा पेल्यांचं मलाही लागलं. त्या दिवशी मी तुझ्यासमोर हसत होते, पण तुमची लारी वळल्यावर आत जाऊन बसले. वाटलं, हरलो.

मंगळवारी दुपारी, चांगलं टळटळीत ऊन, माणिकबाईच्या अंगणाबाहेर एक बाई घागर घेऊन उभी. पाहते तर शकुन, महादेवराव पाटलांची थोरली सून. मळ्यातली विहीर तळाला गेली आहे आणि तळचं पाणी खारं लागायला लागलं. घरात तान्हं बाळ. गड्याला पुऱ्यात पाठवलं तर तो येईना, म्हणून ती स्वतः आली. आत येत नव्हती. मला म्हणाली, "बाई, थोडं पाणी देता का? बाळासाठी."

दादा, खरं सांगते, माझ्या मनात आलं की भांडं उचलावं, वरून ओतावं आणि हिला खाली घागर धरायला लावावी. अर्धी घागरीत, अर्धी पायावर. मैना तिथंच बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याही मनात तेच होतं. मी भांडं उचललंही.

माय धाब्यावरून उतरली. माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं, शकुनला म्हणाली, "बाहेर कावून उभी वं पोरी, ऊन लागन. ये, आत ये. भर तुह्या हातानं." आणि ते भांडं तिच्या हातात दिलं.

शकुन आली. गोड्या पाण्याच्या माठात भांडं बुडवलं, आधी स्वतः प्यायली, तिथंच, उभ्या उभ्या, गटागटा. मग घागर भरली. जाताना गावामागून जाणारी पांदण होती, कोणाच्या नजरेस पडली नसती. ती पारावरून गेली. पारावर पाटील बसले होते, सोबत तेच पान खाऊन गेलेले लोक. हे मला शेषरावानं सांगितलं, तो तिथं होता. पाटलांनी सुनेला विचारलं, "कोठचं पाणी हाय?"

शकुन थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "आपल्या गावचं."

पाटील पारावरून उठले आणि घराकडे निघाले म्हणे. त्या रात्री त्यांनी घरात ते पाणी प्यायलं का नाही, ते मला ठाऊक नाही, आणि शकुन सांगत नाही. पण आज ती दोन घागरी घेऊन आली.

तुझी
मनकर्णा